घट्ट दही, सायीचं दही

न्यू जर्सीतल्या मराठी घरांसाठी सणासुदीचं जेवण करून देणं हा माझा व्यवसाय. पुरणपोळ्या, उकडीचे मोदक, अळूवड्या, मसालेभात हे सगळं त्यात येतं. पण या कामात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो श्रीखंडाने. खरं तर श्रीखंडानेही नाही, त्याच्या आधीच्या पायरीने, म्हणजे चक्क्याने. पुण्यात पाडव्याच्या आदल्या दिवशी डेअरीसमोरच्या रांगेत उभं राहिलं की चक्का मिळतो. तो कोणत्या दुधाचा, कसा विरजला, किती वेळ टांगला हे विचारायची वेळ तिथे माझ्यावर कधी आली नव्हती. इथे आली, आणि मग तो प्रश्न माझ्या धंद्याचा भागच होऊन बसला.

मी नव्वदच्या दशकात आले तेव्हा इथल्या जुन्या मराठी बायकांची श्रीखंडाची एक ठरलेली कृती होती. साधं दही, त्यात सावर क्रीम, कुणी क्रीम चीजही घालायचं, मग साखर, केशर, वेलदोड्याची पूड. ज्या काळात त्यांनी ही कृती बसवली त्या काळात दुकानात दुसरं काही मिळत नव्हतं, आणि तिच्याच जोरावर त्यांनी इथे जन्मलेल्या मुलांना श्रीखंड-पुरीची गोडी लावली. त्यांचं ऋण मी मानते. पण क्रीम चीजमध्ये मीठ असतं आणि ते केशराच्या मागून जिभेवर येतंच. मला चक्क्याचं श्रीखंड हवं होतं, आणि त्यासाठी सायीचं दही.

नेमकं तेच मिळत नव्हतं. दुकानात दह्याचे फ्रिज ओळीने उभे, पण डबा उचलून बघावा तर लो-फॅट, नाहीतर नॉनफॅट. याला इतिहास आहे. १९७७ साली सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या समितीने अमेरिकेसाठी आहाराची उद्दिष्टं जाहीर केली. सायीच्या दुधाऐवजी कमी स्निग्धांशाचं किंवा साय काढलेलं दूध घ्या, हा सल्ला त्यात होता. पुढच्या दोन दशकांत स्निग्धांश म्हणजे शत्रू ही समजूत घरोघरी पोचली आणि दुकानांनी त्याप्रमाणे माल भरला. पूर्ण दुधाचं दही असलंच तर अगदी खालच्या फळीवर, मागच्या बाजूला. इथल्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे अशा दह्यात किमान ३.२५ टक्के स्निग्धांश लागे. लो-फॅटमध्ये अर्धा ते दोन टक्के, आणि नॉनफॅटमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी. नॉनफॅट दही फडक्यात बांधून टांगलं तर पाणी निथळतं, गोळाही होतो, पण बोटांत घेतला की तो खडूसारखा लागतो.

ग्रीक दह्याची ओळख मला करून दिली ती माझ्या एका गिऱ्हाईकाने. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये अ‍ॅस्टोरिया नावाची ग्रीक लोकांची जुनी वस्ती आहे. हे गृहस्थ त्या बाजूला नोकरीला होते. ‘ताई, तिथे चक्क्यासारखं दही मिळतं, तुम्ही एकदा बघाच,’ असं ते म्हणाले. तिथल्या टायटन फूड्स या ग्रीक दुकानात ग्रीसच्या फाये कंपनीचं दही येऊ लागलं होतं. ही कंपनी १९२६ साली अथेन्समधल्या एका छोट्या दूधदुकानातून सुरू झाली आणि तिचं दही अमेरिकेत आलं ते १९९८च्या सुमाराला. डबा उघडून चमचा घातला, तो उभा राहिला. चाखलं तर आंबटपणा अगदी मागे आणि पुढे साय.

त्या दुकानात चीजच्या काउंटरवर एक वयस्क बाई असत. मी पुन्हा पुन्हा जाऊ लागले तसं त्यांच्याशी बोलणं वाढलं. त्यांनी मला दोन तऱ्हेची दही दाखवली. एक मेंढीच्या दुधाचं, न निथळलेलं, वर पिवळसर सायीचा पापुद्रा असलेलं. दुसरं निथळून घट्ट केलेलं. त्यांच्या गावाकडे आजी दही कापडी पिशवीत भरून खुंटीला टांगायची, असं त्यांनी हातवारे करून सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडेही अगदी असंच करतात. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला आजवर कुठल्याच गिऱ्हाईकाने विचारलेला नाही: दूध कुणाचं?

या प्रश्नाने मला बरंच काही उलगडलं. मेंढीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो आणि म्हशीच्या दुधातही जवळपास तेवढाच. गाईचं दूध त्याच्या निम्म्यावर. ग्रीसच्या डोंगराळ भागात मेंढी, आपल्याकडे म्हैस. दोन्हीकडच्या बायकांनी दही कापडात टांगलं आणि पाणी गेल्यावर हाती जे उरलं ते मऊही होतं आणि घट्टही. टांगण्यामुळे ते घट्ट झालं हे खरं, पण मऊ राहिलं ते दुधातल्या सायीमुळे. घट्टपणा एक, स्निग्धपणा दुसरा. घरी म्हशीच्या दुधात दोन्ही एकत्र येत होते, म्हणून ते वेगळे आहेत हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

पुढे ग्रीक दह्याची लाट आली तेव्हा हा फरक मला फार उपयोगी पडला. हमदी उलुकाया या तुर्कस्तानातून आलेल्या माणसाने २००५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या साउथ एडमेस्टन या गावात क्राफ्ट कंपनीचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला आणि २००७ साली चोबानी बाजारात आणलं. फायेनेही २००८ मध्ये त्याच राज्यात जॉन्सटाउनला कारखाना काढला. बघता बघता प्रत्येक दुकानात ग्रीक दही दिसू लागलं. मराठी घरांत आनंद झाला, आता चक्क्याची काळजी मिटली म्हणून. पण तेव्हा माझ्या हातात पडलेले डबे जवळजवळ सगळे शून्य टक्क्यांचे होते. घट्टपणा सगळीकडे पोचला होता, साय मागेच राहिली होती.

एकदा पाडव्याच्या मोठ्या कार्यक्रमासाठी आयोजकांनी अशा डब्यांचे खोकेच माझ्याकडे आणून दिले. स्वस्तात मिळाले होते, श्रीखंड यातच करा म्हणाले. मी त्यांच्यासमोर एका डब्याचं करून दाखवलं. साखर घातल्यावर तासाभरात ते पातळ झालं. साखर दह्यातलं पाणी ओढून घेते आणि ते पाणी धरून ठेवायला सायीचा आधार नव्हता. खाली बारीक रवाळ कण बसले. आयोजक समंजस होते. ते डबे आम्ही ताकात आणि कढीत संपवले आणि चक्क्यासाठी मी वेगळं दूध आणलं. तेव्हापासून मी नियम केला आहे: चक्का माझा असेल तरच श्रीखंडाची ऑर्डर घ्यायची.

शून्य टक्क्याला माझा विरोध नाही. व्यायाम करणारी मुलं ते प्रथिनांसाठी खातात आणि त्या कामाला ते चांगलं आहे. पण पदार्थ आणि त्याचं काम जुळलं पाहिजे. ‘ग्रीक’ हा शब्द वाचून आपल्याला जे हवं ते आत असेलच असं नाही, कारण अमेरिकेत ग्रीक दही कशाला म्हणावं याची कायद्याने ठरवलेली व्याख्याच नाही. कुणी खरोखर निथळतं. कुणी दुधाची पावडर, स्टार्च, पेक्टिन, जिलेटिन घालून घट्ट करतं. जिलेटिन असलं तर आपल्या शाकाहारी घरांत ते चालतही नाही, म्हणून मी डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय काही घेत नाही. दूध, क्रीम, विरजण. याहून चौथं नाव दिसलं की डबा परत फळीवर.

लंडनला माझी मावसबहीण असते. तिचा अनुभव उलटा. तिकडे चोबानी आणि फाये यांच्यात खटला झाला आणि २०१३-१४ मध्ये न्यायालयांनी निकाल दिला, की ग्रीसमध्ये न बनलेल्या दह्याला तिथे ‘ग्रीक योगर्ट’ म्हणून विकता येणार नाही. बाकीच्यांनी ‘ग्रीक स्टाइल’ लिहायचं. या ग्रीक स्टाइल डब्यांत बऱ्याचदा क्रीम घातलेलं असतं, नऊ-दहा टक्के स्निग्धांश असतो, पण दही निथळलेलं असेलच असं नाही. बहिणीने त्याचं श्रीखंड केलं. चवीला सुरेख, पण पुरीवर ठरेना. मी तिला म्हटलं, तुझ्याकडे साय आहे, आता फक्त पाणी काढ. एक रात्र टांगल्यावर तिचं काम झालं. आम्हा दोघींच्या अडचणींची गोळाबेरीज केली की चक्का कशाने होतो ते समजतं.

आता माझी पद्धत सांगते. गॅलनभर पूर्ण दूध, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. त्यात एक कप हेवी क्रीम. या क्रीममध्ये किमान ३६ टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे मिश्रण पाच टक्क्यांच्या थोडं वर जातं. दोन कप घातलं तर सात टक्के होतात, म्हणजे थेट म्हशीचं दूध. पण मला ते पटलं नाही. गाईच्या क्रीमची सात टक्के चव जिभेला लोण्यासारखी चिकटून राहते आणि श्रीखंडाचा आंबटपणा झाकून टाकते. पाच टक्के मला योग्य वाटतात. बाटलीवर ‘अल्ट्रा-पाश्चराइज्ड’ लिहिलेलं दूध मी टाळते. त्याचं दही लागतं, पण सैल लागतं. इथलं बरंचसं ऑरगॅनिक दूध याच प्रकारचं असतं, त्यामुळे महाग म्हणून चांगलं असा हिशोब करू नये.

दूध तापवणं ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि घाईत सगळे तीच उरकतात. डब्यातलं दूध आधीच पाश्चराइज्ड आहे, मग कोमट केलं की झालं, असं बरेचजण म्हणतात. पण इथे जंतू मारण्यासाठी आपण दूध तापवत नाही. दूध ८५ अंश सेल्सिअसवर वीस-तीस मिनिटं राहिलं की त्यातली जी प्रथिनं एरवी पाण्याबरोबर निघून जातात ती उलगडतात आणि केसीनला जाऊन चिकटतात. दही मजबूत लागतं, चक्का जास्त पडतो. आपल्या आया दूध उकळून मंद आचेवर ठेवायच्या त्यात हेच होत होतं. मी तळाला जाड असलेलं पातेलं घेते, डाव फिरवत राहते, आणि दुधावर साय धरू लागली की ती मोडून आतच घालते.

मग विरजण. आईचं विरजण स्वयंपाकघराच्या नेहमीच्या उबेत लागत असे, कारण आपल्याकडच्या घरगुती विरजणात नाना तऱ्हेचे जिवाणू असतात आणि त्यांतल्या अनेकांना ३० अंशांची ऊब पुरते. इथल्या दुकानातल्या दह्यात लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हे दोन असतात. त्यांना ४२-४३ अंश लागतात. करंगळी दुधात घालून कोमट आहे की नाही बघायची सवय आईच्या विरजणासाठी बरोबर होती. या विरजणाला दूध त्याहून चांगलंच गरम लागतं, आणि ती ऊब पाच-सहा तास टिकावी लागते. थर्मामीटर आणि आतला दिवा लावून ठेवलेला ओव्हन हे दोन्ही मी यासाठी वापरते. हल्ली इन्स्टंट पॉटमध्ये दह्याचं बटण असतं, तेही उत्तम.

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात माझा फोन याच कारणासाठी सारखा वाजतो. ‘मावशी, दही लागलंय, पण तार सुटतेय.’ ‘मावशी, रात्रभर ठेवलं, सकाळी दूध ते दूधच.’ बहुतेक मुली पहिल्यांदाच करत असतात, घरी लहान मूल, सासू-सासरे भारतातून आलेले, आणि सण आपल्या हातून नीट व्हावा ही कळकळ. मी आधी खोलीचं तापमान विचारते. मार्चमध्ये इथे अजून थंडी असते. तार सुटली तर दही बिघडलं असं नाही. ऊब कमी पडली की काही जिवाणू असा चिकटपणा तयार करतात. ते दही थालीपिठात वापरा, पुढचं नवं विरजण घेऊन जास्त उबेत लावा. एका मुलीने नंतर तिच्या पहिल्या चक्क्याचा फोटो पाठवला होता. फडक्याच्या घड्यांचे ठसे त्या गोळ्यावर स्पष्ट उमटलेले होते. चक्का असाच असावा लागतो.

टांगण्याबद्दल मात्र मला इथल्या आरोग्य खात्याच्या नियमांनी शिकवलं. घरच्या स्वयंपाकघरात केलेले दुधातुपाचे थंड पदार्थ इथे विकता येत नाहीत. परवाना असलेलं स्वयंपाकघर तासांवर भाड्याने घ्यावं लागतं आणि असे पदार्थ ४१ अंश फॅरनहाइट, म्हणजे पाच अंश सेल्सिअसच्या आत ठेवावे लागतात. लहानपणापासून पाहिलेलं गाठोडं नळाला नाहीतर खुंटीला लटकलेलं असे, त्यामुळे थंड खोलीत टांगायचं म्हणजे चक्का नीट होणार नाही अशी मला धास्ती होती. झालं ते वेगळंच. थंडीत पाणी सावकाश निथळतं, वेळ दुप्पट लागतो, पण दही पुढे आंबत नाही. चक्का गोडसर राहतो आणि साखर कमी लागते. किलोला किलो साखर घालायची जुनी रीत मी तेव्हापासून सोडली. आता किलोभर चक्क्याला पाऊण किलोच्या आतबाहेर.

फडकं धुवट मलमलीचं, चौपदरी. दुकानात ‘चीजक्लॉथ’ नावाने मिळतं ते फार विरविरीत असतं, त्यातून दहीच बाहेर येतं. माझ्याकडे पुण्याहून आणलेले पंचे आहेत, ते फक्त याच कामाला. दही निथळू लागलं की कापडालगतचा थर आधी सुकतो आणि मग आतलं पाणी अडवतो. बाहेरून गोळा दगड वाटतो, मधे मात्र दही ओलं. म्हणून अर्ध्या वेळाने गाठ सोडायची, पलित्याने कडा सोडवून आत घ्यायच्या, मधलं दही बाहेर आणायचं आणि पुन्हा बांधायचं. चक्का झाला की फडकं त्याच्यापासून स्वच्छ सुटतं आणि बोटाने दाबल्यावर खड्ड्यात पाण्याचा थेंब जमत नाही. गॅलनभर दुधाचा सव्वा ते दीड किलो पडतो. साय जवळजवळ सगळी चक्क्यात राहते, खाली निथळलेल्या पाण्यात ती नसतेच म्हटलं तरी चालेल.

त्या पाण्याबद्दल मला फार वाटतं, कारण ते चक्क्याच्या दुपटीने निघतं. न्यूयॉर्क राज्यात ग्रीक दह्याचे कारखाने वाढले तेव्हा या आंबट पाण्याचं काय करायचं हा मोठाच प्रश्न झाला. ते नदी-ओढ्यात सोडता येत नाही. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. मग ते शेतकऱ्यांना गुरांच्या खाद्यात मिसळायला, नाहीतर बायोगॅसच्या टाक्यांना दिलं जातं. माझं प्रमाण त्यापुढे काहीच नाही, पण मीही ते मोरीत ओतत नाही. थालीपिठाची भाजणी त्यात भिजवते, कढीला वापरते, पोळ्यांची कणीक त्यात मळते. त्या पोळ्या मऊ राहतात.

मला नेहमी विचारला जाणारा दुसरा प्रश्न तब्येतीचा. एका काकांची बायपास झाली होती. त्यांच्या सुनेने नॉनफॅट श्रीखंड करून द्याल का विचारलं. मी डॉक्टर नाही. कुणी काय खावं हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगायचं. मी तिला म्हटलं, त्यांना विचारून काकांना दोन चमचे चालत असतील तर खऱ्या चक्क्याचे दोन चमचे दे. नसतील तर फळं दे, पण श्रीखंड म्हणून दुसरंच काही देऊ नकोस. तिने विचारलं, दोन चमच्यांना परवानगी मिळाली. मी लहानशी वाटी वेगळी भरून पाठवली. काकांचा फोन आला, केशर छान उतरलंय म्हणाले.

या व्यवसायात चक्का विकत आणून वापरला असता तर मला दोन दिवसांची मेहनत वाचली असती आणि पैसेही जास्त सुटले असते. क्रीम महाग, भाड्याचं स्वयंपाकघर महाग, आणि थंड खोलीत रात्रभर गाठोडी टांगून ठेवायची म्हणजे त्या जागेचंही भाडं. पण गिऱ्हाईक माझ्याकडे येतं ते याच चवीसाठी. ज्यांनी पुण्या-मुंबईत डेअरीचा चक्का खाल्लेला आहे त्यांना पहिल्या घासाला फरक कळतो, आणि ज्यांनी कधीच खाल्लेला नाही त्या इथल्या मुलांना निदान एकदा तरी खरा मिळावा असं मला मनापासून वाटतं.

पाडव्याला घरी श्रीखंड करणार असाल आणि दही लावायला वेळ नसेल तर विकतचं ग्रीक दही जरूर घ्या. पण डब्यावर ५ टक्के लिहिलेलं घ्या, मागच्या यादीत दूध, क्रीम आणि विरजण याखेरीज काही नसावं. घरी आणल्यावर ते तसंच साखरेत कालवू नका, कारण विकतचं दही चक्क्याइतकं निथळलेलं नसतं. चौपदरी फडक्यात बांधून एक रात्र फ्रिजमध्ये टांगा, खाली भांडं ठेवा. सकाळी साखर मिसळून तासभर मुरू द्या आणि मगच पुरणयंत्रातून काढा.